लेकराचा लळा

पोराने चोरी केली की बाप काठी घेतो. गाव म्हणते, पोर वाया गेले. पण ते वाया का गेले, हे कोणी पुसत नाही.

इंग्लंडात लंडन शहरी जॉन बोल्बी नावाचे डॉक्टर होते. मुलांच्या मनाची दुखणी ते पाहत. चोरी करणाऱ्या ४४ मुलांची बाळपणापासूनची हकिकत त्यांनी विचारून घेतली, आणि १९४४ साली छापली. त्यांतली १४ मुले फारच निराळी होती. त्यांना ना कोणाची माया, ना केल्याची लाज. त्या १४ पैकी १२ मुले लहानपणी आईपासून फार दिवस तुटलेली निघाली. कोणी इस्पितळात होते, कोणी परक्या घरी.

म्हणून आई दूर गेली की मूल चोर होते, असे मात्र समजू नका. अशी मुले बहुधा बिघडतातच हे म्हणणे चूक, असे पुढे १९५६ साली बोल्बींनीच लिहिले.

रांगते मूल पाहा. चार हात पुढे जाते, वळून आईकडे बघते, मग आणखी पुढे जाते. भ्याले की कुशीत शिरते. हाक मारली की आपले माणूस येते, हे त्याला कळते. हाच भरवसा मिसरूड फुटल्यावर कामी येतो. ज्याच्यावर जीव आहे त्याचे ऐकावेसे वाटते. नुसता धाक पाठ फिरेपर्यंत टिकतो, बरं का!

लळा आईचाच लागतो असे नाही. बापाचा लागतो, आजीचा लागतो. माणूस मात्र रोजचे हवे.

आपल्याकडे पुष्कळ आईबाप ऊसतोडीला पाच-सहा महिने जातात. मूल आजीपाशी राहते. पोटासाठी जावे लागते, त्यात दोष कसला? पण मूल रडेल म्हणून ते निजलेले असतानाच काही जण पहाटे निघतात. हे आम्हांला पटत नाही. उठल्यावर मूल घरभर शोधते. मग आजी पाण्याला निघाली तरी पदर सोडत नाही. त्यापेक्षा सांगून जावे. रडले तर रडू द्यावे. लहानग्याला महिने कळत नाहीत. "पाडव्याला येऊ" म्हणावे. सांजेला फोनवर आवाज ऐकवावा.

परत आल्यावर मूल कधी कधी तोंड फिरवते, आजीमागे लपते. "माजलंय" म्हणून त्याला मारू नका. ते रुसले आहे. जवळ बसा, त्याच्या कलाने घ्या. कोणाला दोन दिवस लागतात, कोणाला पंधरा. मग ते आपण होऊन मांडीवर येते.