नळ बदलला, अर्थिंग गेलं

सकाळी पावणेसात

पुण्यात थंडी पडली की माझ्या पिशवीत कार्बन मोनॉक्साइडचा मीटर सगळ्यात वर येतो. त्याच्याखाली मेगर, क्लॅम्प मीटर, सॉकेटमध्ये खुपसायचा टेस्टर, मॅनोमीटर, साबणाच्या पाण्याची बाटली, लांब दांड्याचा आरसा आणि टॉर्च. निघण्याआधी गच्चीवर जाऊन मोकळ्या हवेत तो वरचा मीटर चालू करते आणि शून्य दाखवतोय ना, ते बघते. वायू साठलेल्या घरातच तो शून्यावर लावला, तर पुढचे सगळे आकडे खोटे.

लोकांनी घर विकत घेण्याआधी त्याचं वायरिंग, गॅसची नळी आणि गिझर तपासून देणं हे माझं काम. अमेरिकेत जुनं घर घेणारा माणूस सहसा असा तपासनीस बोलावतो, ते तिथे रुळलेलं आहे. आपल्याकडे कागदपत्रांसाठी वकील लावतात. घर मात्र रंग, फरशी आणि ओट्याचा ग्रॅनाइट बघून पसंत होतं. ही पद्धत बदलायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

साडेआठ

कोथरूड. १९८०च्या दशकातली तीन मजली इमारत. घेणारं जोडपं तरुण, विकणाऱ्या काकू सत्तरीच्या. गॅसचं सगळं बघणारे अण्णा माझ्याआधीच येऊन जिन्यात थांबलेले.

मी आधी मेन स्विच बंद करून डीबी, म्हणजे विजेची मुख्य पेटी, उघडते. चिनी मातीचे किटकॅट फ्यूज जाऊन नवे एमसीबी आलेत, झाकण चकचकीत आहे. आतल्या वायरी मात्र ॲल्युमिनियमच्या. त्या काळी तांबं परवडत नसे म्हणून कितीतरी इमारतींत ॲल्युमिनियम घातलं गेलं. धातू म्हणून तो वाईट नाही, पण स्क्रूखाली दाबला की हळूहळू पसरतो, गरम-थंड होताना तांब्यापेक्षा जास्त फुगतो-आकसतो आणि हवेशी लागून त्यावर वीज न वाहू देणारा थर चढतो. सांधा सैल होतो, सैल सांधा तापतो, तापला की आणखी सैल होतो. गिझरच्या सोळा अँपियरच्या सॉकेटची प्लेट काढली तर मागचं प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं. दोन किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपियरच्या आसपास करंट ओढतो. सोळाच्या एमसीबीला त्यात वावगं काही दिसत नाही, म्हणून तो पडत नाही. सांधा जळत असतो आणि बटण मात्र शहाण्यासारखं वर असतं.

मग मेन पुन्हा चालू करून सॉकेट. टेस्टर खुपसला की फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग तिन्ही जागच्या जागी आहेत का ते दिवे सांगतात. हॉलमध्ये अर्थिंगचा दिवा नाही. स्वयंपाकघरात नाही. बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनच्या सॉकेटलाही नाही.

"काकू, मशीनला हात लावल्यावर काही जाणवतं का?"

"झिणझिण्या येतात गं, पण हात ओले असतात ना माझे."

हात ओले असले तर झिणझिण्या जास्त जाणवतात, पण येतात त्या दुसऱ्याच कारणाने. मशीनच्या आत एक फिल्टर असतो. तो अगदी थोडा करंट मशीनच्या पत्र्याकडे सोडतो आणि अर्थिंगची हिरवी वायर तो जमिनीत नेते. ती वाट तुटली की पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर लटकत राहतो. मी मीटर लावून दाखवलं: पत्र्यावर शंभराच्या वर व्होल्ट. हा करंट इतका बारीक असतो की एवढ्याने माणूस दगावत नाही. पण उद्या मशीनच्या आतली एखादी वायर खरंच पत्र्याला टेकली, तर वीज काकूंच्या हातातूनच जमीन शोधणार.

गंमत वाटेल, पण अर्थिंगची वायर प्रत्येक सॉकेटपर्यंत आलेली होती. मग गेली कुठे? खाली मीटरच्या खोलीत उत्तर मिळालं. इमारत बांधताना वायरमनने अर्थिंगचं टोक पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधलं होतं. पाइप जमिनीत जात होता, त्यामुळे चाळीसेक वर्षं काम निभावलं. पुढे पाइप गंजले, सोसायटीने ते काढून प्लॅस्टिकचे बसवले. नळवाल्याने आपलं काम चोख केलं, एक थेंब गळत नाही. त्या दिवशी सगळ्या बिऱ्हाडांचं अर्थिंग गेलं आणि कोणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण दिवे लागत होते, पंखे फिरत होते.

हे मला पुनःपुन्हा दिसतं. वायरमनची चूक वायरमनला सापडते, प्लंबरची प्लंबरला. एकाने आपलं काम करताना दुसऱ्याच्या कामाला जो धक्का लावला, तो मात्र कोणाच्याच यादीत नसतो. घरात खरा धोका बहुतेक वेळा तिथे असतो.

साडेदहा

त्याच घरात. डीबीत आरसीसीबीची जागा रिकामी, तिथे दोन वायरी सरळ जोडलेल्या. आरसीसीबी म्हणजे फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, हे मोजणारं यंत्र. तीस मिलिअँपियरचा फरक पडला की ते क्षणार्धात वीज तोडतं. माणसाचा जीव वाचवण्यासाठी ते आहे. एमसीबी वायर वाचवतो.

"ते सारखं पडायचं," काकू म्हणाल्या. "इन्व्हर्टर बसवला तेव्हापासून. मग त्या मुलाने काढून टाकलं."

इन्व्हर्टर बसवणाऱ्याने घाईत इन्व्हर्टरचा न्यूट्रल घरच्या न्यूट्रलशी भलत्या ठिकाणी जोडला असणार. मग गेलेला करंट दुसऱ्याच वाटेने परत येतो आणि आरसीसीबीला तो हिशेब जुळत नाही. यंत्र खरं तेच सांगत होतं. दोन न्यूट्रल वेगळे करायला फार वेळ लागत नाही, यंत्र उखडायला त्याहून कमी लागतो. अर्थिंग नसलेल्या घरात तर तेच शेवटचं कवच होतं. मी घेणाऱ्या जोडप्याला म्हटलं, "हे आज सांगितलंय, पैसे देण्याआधी करून घ्या."

इन्सुलेशन मोजणारा मेगर लावण्याआधी सगळी उपकरणं सॉकेटमधून काढली. पाचशे व्होल्टला इन्सुलेशन निदान एक मेगाओहम तरी भरायला हवं. खोल्यांचं भरलं, बाथरूमच्या सर्किटचं नाही. भिंतीत ओल आहे. भिंतीची ओल काढल्याशिवाय वायर बदलून काही उपयोग नाही, हेही लिहून घेतलं.

तिकडे अण्णा स्वयंपाकघरात गुडघ्यावर बसून ट्रॉल्या बाहेर ओढत होते. या घरात पूर्वी सिलिंडर होता, आता पाइपचा गॅस आलाय. सिलिंडरमधला प्रोपेन-ब्यूटेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर साठतो. त्यासाठी ओट्याखालच्या कपाटाला खाली जाळी ठेवलेली. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यत्वे मिथेन. तो हलका, वर चढतो. त्याला छताजवळ वाट हवी, आणि छताजवळचा झरोका चिमणीचं कपाट करणाऱ्या सुताराने प्लायवूडने बंद केलेला.

"सुताराला काय माहीत गॅस बदललाय ते," अण्णा म्हणाले. "आणि गॅसवाला आला तेव्हा कपाट नव्हतं."

घरात येणारा गॅस बंद करण्याचा कॉक त्याच कपाटाच्या मागे गेलाय. वास आला तर कॉक गाठायला आधी स्क्रू-ड्रायव्हर शोधावा लागेल. अण्णांनी मॅनोमीटर लावला, गॅस बाहेरून तोडला आणि शेगडी बंद ठेवली. दाब ढळला नाही, नळी घट्ट आहे. तरीही त्यांनी प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी मारलंच. मी विचारलं, दाब टिकल्यावर फेस कशाला? ते म्हणाले, "मॅनोमीटर आजचं सांगतो. फेस मारताना सांधा डोळ्यांनी बघावा लागतो, तो गंजलाय का, वाकलाय का ते उद्याचं कळतं." हे मला पटलं.

एक

डबा गाडीतच.

अडीच

सिंहगड रस्ता. हे घर कोणी विकत नाहीये. मुलगा परदेशी असतो, त्याने आईवडील आणि धाकट्या भावाच्या कुटुंबासाठी तपासणी मागितलेली. वायरिंग चांगलं आहे, अर्थिंग जागेवर. त्यावर मी फार वेळ घालवला नाही. बाथरूममध्ये गॅस गिझर आहे.

भिंतीवरच्या त्या छोट्या पेटीत किती आग असते, याची कल्पना फार थोड्यांना असते. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचं, तर साधारण साडेदहा किलोवॉट उष्णता लागते. विजेच्या साध्या गिझरच्या पाचपट. एवढा जाळ तासाला जवळजवळ बारा घनमीटर हवा मागतो. पाच बाय सात फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवाच आठ घनमीटर. प्राणवायू थोडा कमी पडू लागला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. कडी समोर असून उघडता येत नाही. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत अशा बातम्या येतात.

गिझर बसवला तेव्हा इथे काचेच्या पट्ट्यांची खिडकी होती. वारा सतत यायचा. दोन वर्षांपूर्वी डास आणि गारठा नको म्हणून तिथे सरकत्या काचेची खिडकी आली, रबराची पट्टी लावून. खिडकीवाल्याचं कामही उत्तम, फट म्हणून नाही.

मी मीटर आत खुंटीला अडकवला, गरम पाणी सोडलं, दार लावून बाहेर थांबले. अण्णा गॅसच्या कॉकपाशी. इशाऱ्याचा आवाज सुरू झाला तेव्हा पाणी सोडून दहा मिनिटंही झाली नव्हती. अण्णांनी बाहेरूनच गॅस तोडला, आम्ही दार-खिडकी सताड उघडून दूर झालो. नंतर बघितलं, कमाल आकडा तीनशे पीपीएमच्या वर गेला होता. हे एका अंघोळीचं.

या घरात सकाळी पाच जण पाठोपाठ अंघोळ करतात. मी विचारलं, शेवटी कोण? सगळ्यांनी धाकट्या सुनेकडे पाहिलं. डबे, मुलांची शाळा, सासऱ्यांचा चहा, सगळं आटपून ती जाते.

"वहिनी, अंघोळीनंतर कधी गरगरतं?"

"रोजच जरा होतं. मला वाटलं, उपाशीपोटी असते म्हणून."

मला राग आला, तो कोणा एकावर नाही. चौघांनी वापरलेली हवा पाचवीच्या वाट्याला येते आणि ती त्या गरगरण्याला आपलाच अशक्तपणा समजते. मी तिला आजच डॉक्टरांकडे जायला सांगितलं, आणि गिझरचं नाव घेऊन सांगायला सांगितलं. नाहीतर रक्तदाब मोजून गोळी मिळेल.

पाच

चहाच्या टपरीवर माझं आणि अण्णांचं नेहमीचं भांडण. माझं म्हणणं, घराच्या आत गॅस गिझर नकोच. अण्णा म्हणतात, ड्राय बाल्कनीत, तीन बाजूंनी मोकळ्या जागेत बसवला आणि फक्त गरम पाण्याचा पाइप बाथरूममध्ये आणला, तर त्यात भीती नाही. मी म्हटलं, आणि पुढच्या वर्षी ती बाल्कनी काचा लावून खोलीत घेतली तर? ते जरा वेळ गप्प राहिले. "मग गिझरवरच लिहायचं," ते म्हणाले. "ही बाल्कनी बंद करू नये. मोठ्या अक्षरांत, मराठीत. पुढचा सुतार वाचेल." अहवालात हे जसंच्या तसं घालायचं ठरलं. ड्राय बाल्कनीपुरतं मी त्यांचं ऐकते.

सात

अहवाल. कोथरूडच्या घराच्या कामांचा क्रम लावायला वेळ लागला, कारण क्रम चुकला तर पैसे दोनदा जातात. आधी आरसीसीबी आणि न्यूट्रल, ते एका दिवसात होईल. मग सोसायटीच्या आवारात नवा अर्थ पिट, त्यासाठी सगळ्या सभासदांना पत्र. त्याचा मसुदा मीच लिहून दिला. मग बाथरूमची ओल. तांब्याचं नवं वायरिंग त्यानंतर, सुतार यायच्या आधी. गॅसचा कॉक आणि झरोका मोकळा झाल्याशिवाय शेगडी पेटवू नये. हे सगळं करणारा वायरमन परवानाधारक असावा आणि त्याने काम झाल्यावर टेस्ट रिपोर्ट द्यावा. कारागिरांना एकाच दिवशी अर्धा तास एकत्र बोलवा, असंही मी लिहिते. तो अर्धा तास अनेकांना उगाच वाटतो. मी हट्टाने लिहिते.

साडेआठ

परदेशातल्या मुलाचा फोन. गिझर बाहेर हलवायला फिटर गुरुवारशिवाय मिळत नाही, तोवर खिडकी उघडी ठेवून गिझर वापरला तर चालेल का?

नाही. थंडीत खिडकी कोणीतरी लावणारच. पाणी शेगडीवर तापवा, स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवून. कोणी पाण्यात सोडायचा रॉड आणला, तर बादली प्लॅस्टिकची, रॉड बुडाला की मगच बटण चालू, आणि पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. रॉड चालू असेल त्या खोलीत मुलांना सोडू नका. आणि गुरुवारपर्यंत वहिनींना पहिली अंघोळ करू द्या, डबे थोडे उशिरा झाले तरी चालतील.

त्याने विचारलं, "ती डॉक्टरांकडे गेली का?"

मी म्हटलं, "ते तुम्ही आत्ता घरी फोन करून विचारा."