तारेतली चूक पकडायची कशी?

कवायतीच्या तासाला आठ-आठ जणांच्या रांगा करून तुम्ही मैदानाला फेरी मारली असेल. चालत असताना रांगा सरळ राहतात. पण शिक्षकांनी ‘धाव’ म्हटले की कुणी पुढे जातो, कुणी मागे रेंगाळतो आणि कोण कोणत्या रांगेतला हेच कळेनासे होते. अशा वेळी एकामागे एक धावणेच बरे!

संगणकाच्या तारांनाही हाच अनुभव आला. संगणकाची सारी भाषा ० आणि १ या दोन अंकांची. अशा प्रत्येक अंकाला बिट म्हणतात. पूर्वी संगणकातून छपाईयंत्राकडे आठ बिट आठ तारांवरून एकदम पाठवीत. वेग वाढला, तसे बरोबर निघालेले बिट मागेपुढे पोचू लागले. म्हणून जलद कामासाठी बिट एकामागून एक पाठवण्याची पद्धत रूढ झाली. तिला क्रमिक प्रेषण म्हणतात. तुमच्या ओळखीची यूएसबी याच पद्धतीने चालते.

आता थोडा हिशेब करू. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० मध्ये सेकंदाला ५ अब्ज बिट धावतात. म्हणजे एका बिटच्या वाट्याला सेकंदाचा पाच अब्जावा भाग! एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा निर्वात पोकळीत फक्त ६ सेंटीमीटर जातो. तारेतला संदेश त्याहून मंद, सुमारे ४ सेंटीमीटर. तेव्हा एक मीटर लांबीच्या तारेत एका क्षणी सुमारे २५ बिट एकामागे एक धावत असतात. समजा, लाख कोटी बिटांत एखादीच चूक होते. फारच चांगली तार, नाही का? पण या वेगाने लाख कोटी बिट अवघ्या २०० सेकंदांत जातात. म्हणजे तासाभरात अठरा चुका!

चुका होतात कशाने? जवळच्या यंत्रांच्या विद्युत् लहरी तारेत शिरतात. शिवाय तारेतून जाताना संदेशाच्या कडा बोथट होतात आणि एका बिटचे शेपूट दुसऱ्यावर पडते.

जुळ्या तारांची युक्ती

पहिला उपाय म्हणजे एकीऐवजी दोन तारा घेणे. एकीवर संदेश, दुसरीवर त्याच्या बरोबर उलटा. समजा, एकीवर +१ आहे आणि दुसरीवर –१. फरक २. बाहेरून ३ चा उपद्रव दोन्ही तारांत सारखाच शिरला, तर त्या +४ आणि +२ होतील. पण फरक पुन्हा २ च! घेणारे यंत्र फक्त फरक मोजते, त्यामुळे उपद्रव आपोआप वजा होतो. मात्र तो दोन्ही तारांत सारखाच शिरायला हवा. म्हणून त्या वेणीसारख्या एकमेकींभोवती पिळतात. या पिळाचे पेटंट टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ सालीच घेतले होते.

दुसरी अडचण ठेक्याची. घेणाऱ्याला प्रत्येक बिट कधी सुरू होतो हे ० चा १ आणि १ चा ० होताना कळते. पण ओळीने शंभर शून्ये आली तर? टाळ्या थांबल्यावर मनातल्या मनात ठेका मोजून पाहा. थोड्याच वेळात तुम्ही चुकाल. यावर आयबीएममधील विडमर आणि फ्रानाशेक यांनी १९८३ साली एक संकेतपद्धती मांडली. तीत दर आठ बिटांऐवजी दहा बिट अशा रीतीने पाठवतात की एकच अंक पाचापेक्षा अधिक वेळा ओळीने येत नाही. यूएसबी ३.० मध्ये हीच पद्धत वापरली आहे. किंमत मात्र मोजावी लागते: ५ अब्जांपैकी खऱ्या कामाचे उरतात ४ अब्ज.

चूक सापडते आणि सुधारतेही

इतके करूनही एखादा बिट चुकतोच. म्हणून माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्यामागे भागाकार करून काढलेली बाकी जोडतात. घेणारा तोच भागाकार करून ताळा पाहतो. बाकी जुळली नाही, तर ‘पुन्हा पाठव’ म्हणतो.

पण पुन्हा मागणे नेहमी परवडत नाही. १९८९ साली व्हॉयेजर २ हे यान नेपच्यूनजवळून गेले, तेव्हा त्याचा संदेश पृथ्वीवर यायला चार तासांहून अधिक वेळ लागत होता. मग चूक इथल्या इथे सुधारता येईल का?

हाच प्रश्न रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञांना पडला होता. बेल प्रयोगशाळेतले गणनयंत्र शनिवार-रविवारी माणसांवाचून चाले. चूक आढळली की ते हातातले गणित सोडून पुढचे घेई. ओळीने दोन आठवडे हॅमिंग यांचे गणित असेच वाया गेले. त्यांच्या मनात आले, यंत्राला चूक झाल्याचे समजते, तर कुठे झाली हे का समजू नये? त्यांचे उत्तर १९५० साली प्रसिद्ध झाले.

ते तुम्ही वहीत करून पाहा. अ, ब, क अशी तीन वर्तुळे एकमेकांवर येतील अशी काढा. एकूण सात खाने होतील. अ-ब च्या सामाईक खान्यात १, ब-क च्या खान्यात ०, क-अ च्या खान्यात १ आणि मधोमध १ लिहा. हा झाला संदेश. आता उरलेल्या तीन बाहेरच्या खान्यांत असे अंक भरा की प्रत्येक वर्तुळातल्या १ ची संख्या सम होईल. अ मध्ये १, ब मध्ये ०, क मध्ये ० येईल.

आता मित्राला वही द्या आणि पाठ फिरवा. त्याने कोणताही एकच अंक उलटवावा. समजा, त्याने क-अ खान्यातल्या १ चा ० केला. तुम्ही तपासाल तर अ आणि क विषम, ब मात्र सम. म्हणजे चूक अ आणि क मध्ये आहे, पण ब मध्ये नाही. असा खाना एकच! तिथला अंक उलटवा, झाले काम.

व्हॉयेजरने याहून अधिक समर्थ असा रीड आणि सॉलोमन यांचा १९६० चा संकेत वापरला. आज सेकंदाला १०० अब्ज बिट नेणाऱ्या अनेक तारांवर आणि काचतंतूंवर तोच संकेत राखण करतो.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. मित्राने गुपचूप दोन अंक उलटवले तर तीन वर्तुळे काय सांगतील? आधी तर्क करा, मग वहीत करून पाहा, आणि जे आढळेल ते वर्गात शिक्षकांना पटवून द्या.