रेंज फुल, पण नेट चालेना? खर्च करण्याआधी हे वाचा

कुरिअरवाला दारात उभा आणि मागच्या खोलीत ऑर्डरचं लेबल डाउनलोडच होत नाही. माझ्याकडे हे रोजचं होतं. मी एक्स्टेंडर आणला आणि नेट येत नव्हतं नेमका तिथेच लावला. रेंज फुल, स्पीड शून्य! चूक माझीच. एक्स्टेंडरला स्वतःलाच सिग्नल मिळत नसेल तर तो पुढे काय देणार?

म्हणून आधी राउटरशेजारी उभं राहून स्पीड तपासा. तिथेच कमी असेल तर कनेक्शनची तक्रार करा, नवीन डबा घेऊ नका. तिथे चांगला असेल तर या क्रमाने जा:

१. राउटर हलवा. लोखंडी कपाटामागून काढून मध्यावर, उंचावर ठेवा. लांबच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झ वापरा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर दमतं.

२. एक्स्टेंडर. एकच खोली अडत असेल तर. राउटर आणि त्या खोलीच्या मधे, सिग्नल चांगला असेल तिथे लावा. साध्या एक्स्टेंडरमध्ये स्पीड साधारण निम्मा होतो.

३. अॅक्सेस पॉइंट. कामाची जागा ठरलेली असेल तर. राउटरपासून लॅन केबल ओढायची, १०० मीटरपर्यंत चालते. स्पीड जवळपास पूर्ण मिळतो. शेवटी मी हेच केलं.

४. मेश. दोन-तीन मजले आणि फिरतं काम असेल तर. सगळीकडे वाय-फायचं नाव एकच, पण खर्च जास्त.

धंद्यात भांडवल जपून वापरतो ना? मग इथेही आधी तपासा, मग खिशात हात घाला!