गोष्ट पडद्यावर वाचताना

ठाण्यात १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले, तेव्हा वर्गणीदाराची पायपीट चुकत नव्हती. आता वालीवच्या औद्योगिक पट्ट्यातले मूलही फोनवर गोष्ट ऐकू शकते.

मात्र ग्रंथालयाने पुस्तक विकत घेतले, म्हणून ते कॅमेऱ्यासमोर वाचून यूट्यूबवर टाकण्याचा हक्क मिळत नाही; परवानगी लागते. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ २०११पासून सर्वांना खुली आहे. नव्या आवृत्तीतली चित्रे दाखवायची तर चित्रकाराचा हक्क वेगळा, हे बरेचजण विसरतात.

लहानग्यांसाठी ‘प्रथम बुक्स’चे स्टोरीवीव्हर (२०१५) सोयीचे. मुक्त परवान्याच्या सचित्र मराठी गोष्टी, त्याही फुकट! फक्त लेखक, चित्रकार, अनुवादक यांची नावे वाचून दाखवा.