लहान गाडी, लांबचा पल्ला आणि दात्याचा विश्वास

ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमधील लँड्स एंड आणि उत्तरेच्या टोकाजवळ स्कॉटलंडमधील जॉन ओ'ग्रोट्स. या दोन ठिकाणांमधील अंतर रस्त्याने सुमारे १४०० किलोमीटर भरते. पायी, सायकलने किंवा जुन्या मोटारसायकलीने हा पल्ला पार करून सेवाकार्यासाठी निधी उभारण्याची प्रथा तेथे रूढ आहे. आप्तेष्ट व शेजारी मैलामागे ठरावीक रक्कम किंवा एकरकमी देणगी कबूल करतात.

या प्रवासासाठी होंडाची 'कब ९०' ही छोटी गाडी अनेकांच्या पसंतीची आहे. १९५८ साली जपानमध्ये आरंभ झालेल्या या घराण्यातील दहा कोटींहून अधिक गाड्या २०१७ पर्यंत तयार झाल्या. आपल्याकडे १९८५ साली आलेल्या 'सीडी १००'चे आडवे इंजिनही याच घराण्यातले. एवढ्या टिकाऊ गाडीला तयारी कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बाजारहाटाला पुरणारी गाडी सलग पाच दिवस, रोज तीनशे किलोमीटर धावेलच असे नाही.

पहिले लक्ष ऑइलकडे द्यावे लागते. या इंजिनात ऑइल एक लिटरही मावत नाही आणि बदलता येणारा कागदी फिल्टर नसतो. म्हणून निघण्यापूर्वी ते बदलावे आणि रोज सकाळी पातळी पाहावी. चेन पूर्ण झाकलेली असते. डोळ्यांआड असल्यामुळेच तिचा ढिलेपणा राहून जातो. झाकणावरील रबरी बूच काढून तो तपासता येतो. जुने टायर, ट्यूब, ब्रेक शू आणि क्लेशदायक ठरणाऱ्या जीर्ण केबल आधीच बदलाव्यात, चाकांचे स्पोक एकेक करून चाचपावेत. पेट्रोलची टाकी जेमतेम चार लिटरची. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात पंप दूर दूर असल्याने टाकी अर्धी होताच भरून घेणे शहाणपणाचे.

सामानाचाही हिशेब असावा. छोट्या इंजिनाला प्रत्येक किलो चढावर जाणवतो. सुटी ट्यूब, पंप, पाने, स्पार्क प्लग, बल्ब आणि पावसाळी कपडे एवढे आवश्यक. बाकीचे घरी ठेवावे. मागचे चाक काढून पंक्चर काढण्याचा सराव अंगणातच करावा आणि शेवटी सर्व सामान लादून दीड-दोनशे किलोमीटरची फेरी मारावी. जे बिघडायचे ते घराजवळ बिघडलेले बरे.

या खटाटोपाचे कारण केवळ सुरक्षितता नाही. व्यापारात कबूल केलेला माल ठरल्या दिवशी पोहोचला नाही, तर पेढीची पत जाते. येथे दात्याने चालकाच्या शब्दावर रक्कम कबूल केलेली असते. म्हणून दुरुस्ती, पेट्रोल व मुक्काम यांचा खर्च चालकाने स्वतःच्या खिशातून करावा, त्याची नोंद वेगळी ठेवावी आणि देणगी थेट संस्थेच्या खात्यात जावी, हीच निर्मळ रीत. ब्रिटनमध्ये दाता करदाता असेल आणि त्याने तसे लिहून दिले, तर 'गिफ्ट एड' योजनेखाली संस्थेला एका पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून अधिक मिळतात. त्यासाठी दात्याचे नाव-पत्ता नीट नोंदवलेला असावा लागतो.

चेनचा ताण आणि देणगीची वही, दोन्ही प्रवासाआधीच तपासलेली असली, म्हणजे वाटेत चालकाला रस्त्यावर लक्ष देण्यावाचून दुसरे काम उरत नाही.