गावाचं नाव आणि ५० ची मर्यादा

डेटाबेसमधल्या गावाच्या रकान्याला ‘व्हारचार ५०’ (बदलत्या लांबीचा प्रकार) दिला, की प्रत्येक नावामागे पन्नास अक्षरांची जागा अडते, असा समज सर्रास आढळतो. तसं नाही, ५० ही फक्त कमाल मर्यादा. ‘चार’ (ठरावीक लांबीचा प्रकार) हा डबा, अर्धा भरला तरी फळीवर तेवढीच जागा घेणारा. व्हारचार म्हणजे गाठोडं, आतल्या सामानाएवढंच. यूटीएफ-८ (अक्षरं साठवण्याची पद्धत) मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते, काना-वेलांटीसुद्धा. म्हणून ‘धुळे’ १२ बाइटांचं, ‘मुक्ताईनगर’ ३०. शिवाय लांबीच्या नोंदीला एखाद-दोन बाइट. पिनकोडचं वेगळं: जळगाव ४२५००१, धुळे ४२४००१, नेहमी सहाच आकडे. तिथे ‘चार’ प्रकार चपखल. मर्यादा अक्षरांत मोजली जाते की बाइटांत, हे मात्र आपल्या डेटाबेसमध्ये आधी तपासा. मराठी नावं तिथेच तुटतात.