गुपित आधीं कीं करार आधीं?

लहान धंदेवाल्याची खरी पुंजी पुष्कळदां तिजोरींत नसते. ती एखाद्या सांच्यांत, मिश्रणाच्या प्रमाणांत किंवा यंत्राच्या आराखड्यांत असते. सारेंच काम त्याला घरीं करतां येत नाहीं, म्हणून कांहीं भाग पोटकंत्राटदाराकडे सोंपवावा लागतो; आणि त्याच क्षणीं ही पुंजी दुसऱ्याच्या हातीं जाते. तिच्या रक्षणासाठीं गुप्ततेचा करार करतात, हें बहुतेकांना ठाऊक असतें. तो केव्हां करावा, याचा विचार मात्र फार थोडे करतात.

समजा, वाशीम जिल्ह्यांतील इंझोरीसारख्या गावीं एका कारखानदारानें तूर भरडण्याच्या यंत्रांत डाळ कमी फुटेल अशी सुधारणा केली, आणि तिचे सुटे भाग अकोल्याच्या कारागिराकडून करून घेण्याचें ठरविलें. दर विचारतांनाच तो आराखडा पुढें ठेवतो. दर पटला तर कागद करूं, असें म्हणतो. दर पटत नाहीं. आराखडा परत येतो. पण कारागिराच्या ध्यानांत राहिलेलें परत येत नाहीं.

अशा वेळीं कायदा अगदींच मुका नसतो. १९४८ सालीं इंग्लंडांत सॉल्टमन विरुद्ध कॅम्पबेल या खटल्याचा निकाल लागला. चामड्याला भोकें पाडण्याच्या हत्याराचे आराखडे मधल्या एका कंपनीमार्फत कॅम्पबेल कंपनीकडे गेले होते. तिनें त्यांवरून स्वतःसाठीं हत्यारें बनविलीं. सॉल्टमनशीं तिचा थेट करार नव्हता. तरीहि विश्वासानें दिलेल्या माहितीचा असा उपयोग करतां येत नाहीं, असें अपील न्यायालयानें ठरविलें. मुंबई उच्च न्यायालयानेंहि २००३ सालीं झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल या खटल्यांत, बोलणीं चालूं असतां सांगितलेल्या एका मालिकेच्या कल्पनेला असेंच संरक्षण दिलें.

परंतु कोणती माहिती, कोणत्या दिवशीं, विश्वासानें दिली, हें सिद्ध करण्याचा भार फिर्यादीवर पडतो. लहान धंद्याला तो खर्च पेलणें कठीण. आधीं झालेला कागद हें काम सोपें करतो.

म्हणून क्रम असा असावा. दर मागतांना माप, धातु, संख्या आणि मुदत एवढेंच सांगावें. त्यासाठीं दहा जणांच्या सह्या घेत बसण्याचें कारण नाहीं. निवड होतांच, आराखडा उघडण्यापूर्वीं, करार व्हावा. कारागीर काम पुढें दुसऱ्यास देणार असेल, तर त्याच्याकडूनहि तसेंच वचन आधीं घ्यावें. १९६१ सालीं सेंचुरी कंपनीला कल्याणच्या कारखान्यासाठीं टायरच्या दोऱ्याचें तंत्र देणाऱ्या परदेशी कंपन्यांनीं, नोकरांकडूनहि गुप्ततेचें वचन घेण्याची अट मूळ करारांतच घातली होती.

उशीर झालाच असेल, तर पूर्वीं दिलेल्या माहितीचा तारखेनिशीं उल्लेख करून कागद करावा. मात्र मोबदल्यावांचून केलेला करार सामान्यतः टिकत नाहीं; तेव्हां त्याच्या जोडीला नवें काम द्यावें. शिवाय, हा धंदाच पुन्हां करूं नये, अशी अट काम संपल्यानंतर कारागिरावर लादतां येत नाहीं; १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमानें ती निरर्थक ठरते. कारागिराचें कसब त्याचें आहे. मालकाचें असतें तें फक्त गुपित. दोहोंमधली ही रेघ आराखडा दाखविण्याआधींच आंखली, तर दोघांचाहि धंदा निर्वेधपणें चालतो.